भोंगा गेला म्हणून दिवाही जावा?

देशातल्या ७५ दीपगृहांवर पर्यटकांसाठी सोयी उभारून फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांचे लोकार्पण झाले. तेव्हापासून दीपगृहांबद्दल बोलणे वाढले आहे, पण त्यातले बरेचसे मुद्द्याला सोडून आहे. एका बाजूचे म्हणणे असे, की जहाजावर जीपीएस आहे, होडीवाल्याच्या खिशातल्या मोबाइलमध्येही जीपीएस आहे, मग किनाऱ्यावर रात्रभर दिवा कशाला जाळायचा? मनोरे पर्यटनाला देऊन टाका. दुसरी बाजू हळवी आहे. दीपस्तंभ हा आपला वारसा आहे, तो विझता कामा नये, एवढेच ती सांगते. दिवा समुद्रावर नेमके काय काम करतो, हे दोघांच्याही बोलण्यात येत नाही. माझे मत आधीच सांगतो. दिवे चालू राहिले पाहिजेत, आणि त्याचे कारण वारसा हे नाही. आपण कुठे आहोत हे समजण्याच्या निदान दोन वाटा जहाजाजवळ हव्यात, आणि एकीत झालेला बिघाड दुसरीत शिरता कामा नये. दीपगृह ही ती दुसरी वाट आहे. मात्र सगळे दिवे आज आहेत तसेच ठेवा, असेही मी म्हणणार नाही.

सोलापुरात बसून हा विषय काढण्याचे कारण काय, असे कुणी विचारेल. समुद्र इथून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरहून लांब आहे. पण इथल्या मागावर विणलेला टॉवेल परदेशी जातो तो न्हावा-शेव्याच्या बंदरातून, कंटेनरमध्ये. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजे एकमेकांवर आदळली, कंटेनर पाण्यात पडून वाटेत तरंगू लागले आणि दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. ती धडक दिवसाउजेडी झाली, दिव्याअभावी नव्हे. पण समुद्रातली एक चूक यंत्रमागाच्या गावापर्यंत कशी पोहोचते, हे त्यातून दिसते. दुसरे कारण पैशाचे. दीपगृहांचा खर्च करदात्याच्या खिशातून जातो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात भारतीय बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडून १९२७ च्या दीपगृह कायद्यापासून दीपशुल्क घेतले जाते. २०२१ मध्ये त्या कायद्याची जागा सागरी नौवहन साहाय्य कायद्याने घेतली, तरी शुल्काचे तत्त्व कायम राहिले. जहाज ते शुल्क भाड्यात मिळवते आणि भाडे शेवटी मालावर पडते. म्हणजे दिव्याच्या तेलावातीत सोलापूरच्या टॉवेलचाही थोडा वाटा आहे. ज्याचा वाटा आहे त्याने हिशेब विचारायलाच हवा.

दिवे बंद करा म्हणणाऱ्यांचा सर्वांत दमदार मुद्दा सोलापूरकराला लगेच पटेल असा आहे. या शहराचा दिवस एकेकाळी गिरण्यांच्या भोंग्यावर चालत असे. पाळी बदलायची तो भोंग्यावर, चुली पेटायच्या त्या भोंग्यावर. पुढे घरोघरी घड्याळे आली, गिरण्या बंद पडल्या, भोंगा गेला. वेळ समजेना म्हणून कुणाचे अडले का? तार गेली, २०१३ च्या जुलैत तारखाते बंद झाले, त्याने कुणाचे काय बिघडले? मग दीपगृहच तेवढे का राखायचे?

हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, पण त्यातली उपमाच चुकीची बसवली आहे. भोंग्याच्या जागी आलेली घड्याळे एकमेकांपासून स्वतंत्र होती. एकाचे घड्याळ मागे पडले तर शेजाऱ्याचे बरोबर असे, आणि दोघांची तुलना केली की चूक उघडी पडे. शहरातली हजारो घड्याळे एकाच क्षणी, एकाच अंतराने, एकाच दिशेला चुकत नाहीत. जीपीएसचे तसे नाही. एका आखातातल्या शंभर जहाजांवर शंभर यंत्रे असली तरी ती सगळी त्याच उपग्रहांकडून, तेच क्षीण संकेत ऐकतात. संकेत दाबला गेला तर शंभरही आंधळी होतात, आणि खोटा संकेत पाठवला तर शंभरही एकच खोटे बोलतात. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नेमके हेच झाले. नोव्होरोसिस्क बंदराजवळच्या सुमारे वीस जहाजांची यंत्रे आपण किनाऱ्यावरच्या एका विमानतळावर उभे आहोत असे दाखवू लागली. शेजारच्या जहाजाला विचारून काय उपयोग होता? तेही विमानतळावरच होते.

संकेत किती क्षीण, हे समजले की यातले नवल संपते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथून निघालेला संकेत जहाजाच्या अँटेनापर्यंत येतो तेव्हा एका वॅटचे शंभर कोटी कोटी भाग करावेत आणि त्यातला एक उचलावा, इतकी त्याची ताकद उरते. तो बुडवायला फार मोठे यंत्र लागत नाही. २००८ मध्ये इंग्लंडच्या फ्लॅमबरो हेडजवळ तिथल्या दीपगृह संस्थांनी मुद्दाम असा अडथळा निर्माण करून ‘पोल स्टार’ या स्वतःच्याच जहाजावर चाचणी घेतली. यंत्रांनी खोट्या जागा आणि अशक्य वेग दाखवले. एकाच वेळी अनेक उपकरणांच्या धोक्याच्या घंटा वाजू लागल्या, कारण नकाशा दाखवणारा संगणक, इतर जहाजांना आपली ओळख कळवणारी एआयएस यंत्रणा अशी कितीतरी उपकरणे आतून त्याच एका जीपीएसवर टेकलेली होती. जहाजावर दहा पडदे दिसतात म्हणून दहा साक्षीदार आहेत असे वाटते. प्रत्यक्षात साक्षीदार एकच असतो. आता तर हे चाचणीपुरतेही राहिलेले नाही. मे २०२५ मध्ये जेद्दाहजवळ ‘एमएससी अँटोनिया’ हे कंटेनर जहाज खडकावर चढले, त्या वेळी लाल समुद्रातल्या जीपीएस-अडथळ्यांवर संशय घेतला गेला. सोलापूरचा माल युरोपला जाण्याची नेहमीची वाट तीच.

इथे जाणकार विरोधक पुढचा मुद्दा काढतात, आणि तो मानण्यासारखा आहे. उपग्रह काही एकट्या अमेरिकेचे नाहीत. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू आणि आपली नाविक या प्रणाली आहेत. आजचे यंत्र त्यातल्या चार-चार एकदम ऐकते. एक प्रणाली आतून बिघडली तर यामुळे खरोखर संरक्षण मिळते. जुलै २०१९ मध्ये गॅलिलिओची सेवा जवळजवळ आठवडाभर बंद होती. ज्यांच्याकडे जीपीएसही होते त्यांना ते जाणवलेसुद्धा नाही. पण बाहेरून कुणी गोंगाट केला तर चार प्रणाली असून भागत नाही. सगळ्यांचे संकेत दुरून येणारे, सगळेच क्षीण, आणि बरेचसे एकमेकांच्या जवळच्या लहरींवर. एका खोलीत चार माणसे कुजबुजत असताना दाराशी ताशा वाजू लागला, तर चारपैकी एकाचेही ऐकू येत नाही. नाविकचा आपल्याला अभिमान असावा, मलाही आहे. परंतु तिच्या पहिल्या उपग्रहावरची तिन्ही अणुघड्याळे बंद पडली होती, आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला तिचा नवा उपग्रह एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. अवकाशातल्या दुरुस्तीला तंत्रज्ञ शिडी घेऊन जाऊ शकत नाही. दीपगृहाच्या दुरुस्तीला जाऊ शकतो.

दीपगृह हे काम कसे करते, तेही नीट पाहू, कारण ‘दिवा दिसला म्हणजे किनारा आला’ एवढीच अनेकांची कल्पना असते. प्रत्येक दिव्याची एक चाल ठरलेली असते: दर अमुक सेकंदांनी इतके झोत, या रंगाचे. नौकानकाशावर दिव्याच्या खुणेशेजारी ती चाल, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि पल्ला छापलेला असतो. दिवा दिसल्यावर अधिकारी घड्याळ लावून दोन-तीन फेऱ्या मोजतो आणि हा कोणता दिवा ते आधी पक्के करतो. मग होकायंत्रावरून त्याची दिशा घेतो, होकायंत्राची चूक वजा-अधिक करतो आणि नकाशावर दिव्यातून त्या दिशेची रेघ ओढतो. जहाज त्या रेघेवर कुठेतरी आहे. दुसऱ्या दिव्याची किंवा डोंगराच्या टोकाची दुसरी रेघ ओढली की छेदबिंदूवर जहाज सापडते. तिसरी रेघ त्याच बिंदूतून न जाता छोटा त्रिकोण पडला, तर त्रिकोणाच्या आकारावरून चूक किती हे कळते. उपग्रहयंत्र चकवले गेले असेल तेव्हा ते आपली चूक अशी उघड दाखवत नाही, ते तेवढ्याच ठामपणे खोटा आकडा देत राहते. एकच दिवा असला तरी रिकाम्या हाताने परत यावे लागत नाही. दिव्याची आणि बघणाऱ्याच्या डोळ्याची मीटरमधली उंची घेऊन दोन्हींच्या वर्गमुळांची बेरीज २.०८ ने गुणली, की दिवा क्षितिजावर पहिल्यांदा उगवताना किती सागरी मैलांवर असेल ते येते. दिवा ४९ मीटर उंच आणि डोळा ९ मीटरवर असेल तर ७ अधिक ३, म्हणजे साधारण २१ मैल. तोच दिवा होडी हाकणाऱ्या तांडेलाला, डोळा सव्वादोन मीटरवर धरला, तर अठरा मैलांच्या आत आल्यावर दिसेल. या सगळ्यात उपग्रह कुठेही लागत नाही.

रात्र नसेल तेव्हा मनोऱ्याचे रंगीत पट्टे खूण म्हणून उपयोगी पडतात. धुके-पावसात, जिथे बसवलेला असेल तिथे, रेकॉन काम देतो. जहाजाच्या रडारची लहर त्यावर पडली की तो उत्तर पाठवतो, आणि रडारच्या पडद्यावर दीपगृहाच्या जागेमागे मोर्स अक्षराची रेघ उमटते. यालाही उपग्रह लागत नाही. शिवाय २६/११ नंतर किनाऱ्यावरच्या ७४ दीपगृहांवर एआयएसचे संदेश ऐकणारी यंत्रे बसवून जहाजांवर नजर ठेवणारी साखळी उभी केली गेली. किनाऱ्यावर उंच, मोकळी, वीज असलेली आणि सरकारी जागा शोधायला निघालो तर दीपगृहच सापडते.

वारसावाल्यांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दीपगृहांची बाजू मांडताना ‘रामदास’ बोटीचे उदाहरण पुन्हा पुन्हा दिले जाते. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ती बोट सहाशेहून जास्त माणसांसह गेली. ती सकाळची वेळ होती आणि घात केला तो आषाढातल्या समुद्राने. त्या दुःखाला दिव्याच्या बाजूने साक्षीला उभे करणे बरोबर नाही, आणि वाद कमकुवत होतो तो वेगळाच. योग्य उदाहरण ‘रॉयल मॅजेस्टी’चे आहे. जून १९९५ मध्ये बर्म्युडाहून बॉस्टनला निघालेल्या या प्रवासी जहाजाच्या जीपीएस अँटेनाची तार निसटली. यंत्र मुकाट्याने वेग आणि दिशेवरून अंदाज बांधू लागले आणि पुढचे सुमारे ३४ तास कुणाच्या लक्षात आले नाही. दीड हजार माणसे घेऊन जहाज १७ मैल भरकटले आणि नँटकेट बेटाजवळ वाळूत रुतले. त्याआधी टेहळणीवरच्या खलाशांनी किनाऱ्याकडचे उंच लाल दिवे पाहिले होते, वर कळवलेही होते. पडद्यावरचा आकडा सांगत होता की तिथे किनारा नाही, म्हणून कुणी मनावर घेतले नाही. यावर विरोधक म्हणतील, पाहा, दिवा असूनही अपघात झालाच. खरे आहे. दिव्याकडे बघण्याची सवय मोडली की दिवा एकटा वाचवू शकत नाही. पण दिवेच नसते तर ती सवय पुन्हा लावायची तरी कशाच्या आधारावर?

सोलापूरला याहून जवळचा दाखला आहे. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला अडथळा ठरते म्हणून साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंच चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली. त्या पाडकामाच्या बऱ्यावाईटात मी इथे शिरत नाही. पण त्या वर्षानुवर्षांच्या वादात ‘विमानात जीपीएस आहे, वैमानिक चिमणी चुकवेल’ असे म्हणून विषय संपवता आला का? उतरणाऱ्या विमानाला काय दिसते आणि वाटेत काय उभे आहे, याला किती वजन आहे हे शहराने पाहिले. आजही विमानतळांवर धावपट्टीशेजारी चार दिव्यांची ओळ असते. दोन पांढरे दोन लाल दिसले तर उतार बरोबर, चारही लाल दिसले तर विमान फार खाली. उपग्रह आले म्हणून ती ओळ कुणी काढून टाकली नाही. मग नेमके समुद्रावरच हे शहाणपण का सोडायचे?

आता माझ्या बाजूच्यांना न आवडणारा भाग. मोठ्या जहाजाला आज वीस-पंचवीस मैलांवरून दिसणाऱ्या दिव्याची फारशी गरज उरलेली नाही, हे मान्य करायला हवे. तो पल्ला त्या काळाचा, जेव्हा समुद्र ओलांडून आलेल्या कप्तानाला किनाऱ्याची पहिली ओळख दिव्यावरूनच पटे. खांदेरीचे दीपगृह १८६७ चे, मुंबईचे प्राँग्ज १८७५ चे, ती सगळी पिढी त्या गरजेतून उभी राहिली. आजचा दिवा पडताळणीसाठी हवा, आणि पडताळणी करायची ती किनाऱ्याजवळ, जिथे खडक आहेत. पल्ला वीस मैलांवरून दहावर आणला तर, हवा साधारण स्वच्छ धरून, लागणारी प्रकाशाची तीव्रता निम्मी नव्हे, सुमारे ऐंशीपट कमी होते, कारण अंतराबरोबर प्रकाश पसरतो तसाच हवेत शोषलाही जातो. म्हणजे पाऱ्याच्या कुंडावर तरंगणारे अवजड फिरते भिंग, त्याची मोटार, जनरेटर हे सगळे जाऊन तिथे सौर पत्रे, बॅटरी आणि एलईडीचा छोटा कंदील पुरतो. पारा विषारी आहे, तो जितक्या लवकर जाईल तितके बरे. इंग्लंडमध्ये समुद्राने किनारा खाल्ल्यावर ऑर्फर्डनेसचे दीपगृह २०१३ मध्ये बंद केले. दिवा हलवणे, कमी करणे, क्वचित बंद करणे यात पाप नाही. प्रश्न एवढाच विचारायचा, की या खडकाजवळ पडताळणीची दुसरी वाट उरते का?

पण स्वयंचलित केले म्हणजे काम संपले असेही नाही, आणि इथे खर्च वाचवण्याच्या गप्पा नेहमी थांबतात. कोकणच्या पावसाळ्यात सलग कित्येक दिवस ऊन पडत नाही. बॅटरी जितके बिनउन्हाचे दिवस धरून ठरवली त्याहून एक दिवस जास्त आभाळ राहिले, तर दिवा जातो तो ऐन गरजेच्या रात्री. खारा वारा काचेवर मिठाचा थर चढवतो, पक्ष्यांची विष्ठा सौर पत्र्यावर साचते, वीज पडली की एलईडीला चालवणारे सर्किट जळते. जुना बल्ब जायचा तो एकदम, आणि रखवालदाराला ताबडतोब कळायचे. एलईडी हळूहळू मंदावते, वर्षानुवर्षे, आणि दूरच्या खोलीतल्या पडद्यावर ‘चालू’ हीच नोंद दिसत राहते. म्हणून रखवालदार काढल्यावर ठरलेल्या मुदतीने समुद्रावरून जाऊन तीव्रता मोजणे वाढले पाहिजे, कमी होता कामा नये. पर्यटनाबाबतही माझी अट एवढीच आहे. तिकिटाचे पैसे येत असतील तर जरूर यावेत. पण मनोऱ्यावर रंगीत रोषणाई, पायथ्याशी हॉटेलचे प्रखर दिवे, वर फिरणारा लेसर असे काही झाले, तर समुद्रावरून बघणाऱ्याला दिव्याची चाल मोजता येत नाही. मागच्या लखलखाटात हरवलेला दिवा आणि विझलेला दिवा यांत त्याला काही फरक पडत नाही.

दिव्यांऐवजी आभासी खुणा द्याव्यात, असाही प्रस्ताव असतो. एआयएसवरून संदेश पाठवायचा आणि जहाजाच्या पडद्यावर बोयाची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेची, आकृती उमटवायची. पाण्यात प्रत्यक्ष काहीच नाही. बुडालेल्या जहाजाची जागा काही तासांत दाखवायला ही सोय फार उत्तम आहे. कायमची सोय म्हणून ती चालणार नाही, कारण ती खूण ज्या नकाशावर आपल्या जागेच्या संदर्भात दिसते, ती आपली जागा पुन्हा उपग्रहावरूनच येते. आणि छोट्या मच्छीमार होडीवर तो पडदाच नसतो. एआयएस बाळगण्याची आंतरराष्ट्रीय सक्ती ३०० टनांपुढच्या आंतरराष्ट्रीय फेऱ्यांच्या जहाजांना, देशांतर्गत मालवाहू असेल तर ५०० टनांपुढच्या जहाजांना आणि प्रवासी जहाजांना आहे. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा दरवर्षी सरकतो, तिथून पहाटे शिरणाऱ्या तांडेलाजवळ मोबाइल असतो, तो ओल्या हाताने चालत नाही आणि त्याची बॅटरी संपते. त्याला हवा असतो एक रंगविभागी दिवा: पांढरा दिसतोय तोवर वाट बरोबर, लाल किंवा हिरवा दिसू लागला की बाजूला सरकलो. नाहीतर पुढेमागे उभे केलेले दोन दिवे, जे एकावर एक दिसले की होडी मधल्या खोल पाण्यात.

अडचण अशी, की हे छोटे दिवे बहुतेक केंद्राच्या दीपगृह महासंचालनालयाकडे नसतात. ते स्थानिक दिव्यांत मोडतात, म्हणजे बंदरांकडे आणि राज्याच्या मेरिटाइम बोर्डाकडे. मोठ्या जहाजांचे शुल्क मोठ्या दिव्यांकडे जाते, आणि ज्याला पर्यायी यंत्र परवडत नाही त्याचा दिवा राज्याच्या अंदाजपत्रकात सर्वांत शेवटी येतो. वीस मैलांचे दिवे दहावर आणून जे वाचेल ते या खाड्यांच्या तोंडाशी यायला हवे, आणि त्यासाठी केंद्र-राज्य व्यवहारात काय बदलावे लागेल यावर वाद व्हायला हवा. पर्यटकांसाठीच्या कॅफेवर नव्हे.

त्या वादाला आधार म्हणून एक आकडा मागावा. दीपगृहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयएएलएने, महत्त्वाच्या दिव्यांसाठी ९९.८ टक्के उपलब्धतेचे मानक ठेवले आहे. तीन वर्षांच्या हिशेबात याचा अर्थ दिवा एकूण सुमारे ५२ तासच बंद राहू शकतो. दुय्यम दिव्यांना ९९ आणि त्याखालच्यांना ९७ टक्के. कोकण किनाऱ्यावरच्या प्रत्येक दिव्याचा, केंद्राचा असो की राज्याचा, हा आकडा दरवर्षी मराठीत छापून मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर लागावा. दिवा किती तास बंद होता, कोणत्या महिन्यात, बॅटरीमुळे की विजेमुळे की काचेवरच्या मिठामुळे, आणि तीव्रता शेवटची कधी मोजली, हे त्यात असावे.